उलटी गुंडाळलेली टेप

झोप आणि जाग यांच्या मधल्या पट्ट्यात मेंदू जे दाखवतो ते पुरावा म्हणून स्वीकारू नये, असे चारुलता आपल्या रसायनशास्त्राच्या विद्यार्थ्यांना वर्षानुवर्षे सांगत आली आहे. रविवारच्या दुपारी दिवाणावर आडवी होताना तिच्या पापण्या मिटू लागतात, तेव्हा ती स्वतःलाही तेच बजावते. समोर सासऱ्यांची माशांची टाकी आहे. टाकीखालच्या कपाटात फिल्टरची नळी जिथे तोटीला जोडलेली आहे, तो सांधा तिने सकाळी उघडला, आटे पुसले, नवी टेफ्लॉन टेप गुंडाळून पुन्हा बसवला आणि कपाटाखालून पुढे फरशीवर येईल असे कोरडे वर्तमानपत्र अंथरले. संध्याकाळपर्यंत कागद कोरडा राहिला तर टाकी घरात राहील. ओला झाला तर तिचा नवरा उपेंद्र दुकानदाराला फोन करील आणि टाकी माशांसकट जाईल. टेपचे रीळ अजून तिच्या मुठीतच आहे. ती कागदावर नजर रोखून पडून राहते.

कागदाशेजारी तात्या उकिडवे बसलेले आहेत.

तात्या म्हणजे तिचे सासरे. शिमग्याच्या आधी वारले. तिला भीती वाटत नाही, गहिवरूनही येत नाही. येतो तो संताप, आणि तो इतक्या तयारीने येतो की जणू इतके महिने दाराआडच उभा होता.

"सरक जरा, उजेड अडवतेस," तात्या म्हणतात.

ती दिवाणावर नसून त्यांच्या मागे उभी असते. त्यांच्या डाव्या हातात टेप आहे आणि ते नळीच्या आट्यांवर ती नेहमीसारखीच चुकीच्या दिशेने गुंडाळत आहेत.

"तात्या, उलटी गुंडाळताय."

"डावखुऱ्याला सुलटीच ती."

"आट्यांना तुमचा हात कळत नाही. तोटी आवळली की टेप गोळा होऊन बाहेर येते. किती वेळा सांगितलंय?"

"दर वेळी," तात्या मान्य करतात आणि गुंडाळत राहतात.

गळती थेंबाथेंबाचीच होती. पण उपेंद्रने वडिलांना बजावले होते, की यापुढे फरशीवर पाणी दिसले तर टाकी घरात राहणार नाही. तेव्हा तात्यांनी कपाटाखाली आपला पंचा घडी करून ठेवला. रोज सकाळी अंघोळीनंतर ते तो ओला पंचा बाल्कनीत वाळत घालीत आणि दुसरा, कोरडा, कपाटाखाली सरकवीत. अंघोळीनंतरचा ओला पंचा घरात कुणाच्या नजरेत भरणार? एका सकाळी पंच्यालाही पाणी आवरले नाही. तात्या त्या पाण्यावरूनच घसरले, खुब्याचे हाड मोडले, आणि इस्पितळातून ते परत आले नाहीत. पंच्याची गोष्ट तिला नंतर कळली, कपाटाखाली हात घातल्यावर.

तोटीतून थेंब पडतो. ती तोटी आता ब्युरेटच्या काचनळीची आहे. दोघे कॉलेजच्या प्रयोगशाळेत आहेत आणि तात्या तिच्या ओट्यावर मांडी घालून बसलेले आहेत. मासे काचेच्या चंचुपात्रांत एकेकटे फिरत आहेत. ती ओट्यावर पट्टी आपटते, वर्गात कधी आपटली नसेल तशी.

"मला का नाही सांगितलंत?"

तात्या ओट्याच्या कडेवरून पलीकडे उतरतात. पलीकडे कालव्याचा बांध आहे. सगळी नोकरी त्यांनी पाटबंधारे खात्यात नकाशे काढण्यात घालवली, आणि ते या बांधावरून अशा थाटात चालतात की जणू आजही पाहणीलाच आले आहेत. पंचा त्यांच्या खांद्यावर आहे. ते तिला समजावू लागतात: कालवा म्हटला की तो झिरपतोच, तेवढी झिरप आधी धरूनच नकाशा काढायचा असतो, त्यात लपवण्यासारखे काही नाही.

"हॉल म्हणजे कालवा नव्हे," ती म्हणते. "उपेंद्रला सांगायचं नव्हतं, कबूल. पण मी? मी त्याच्या बाजूची आहे असं कुणी सांगितलं तुम्हाला?"

"तू कुणाच्याच बाजूची नव्हतीस, चारू. त्याने विचारलं असतं तर खरं सांगून मोकळी झाली असतीस."

"म्हणजे दोष माझा?"

"दोष कुठे म्हटलं? झिरप धरावी तसं तुझं खरं बोलणंही धरलं, इतकंच."

या हिशेबाने तिच्या संतापाला आणखी धार येते. बांध संपून इस्पितळाची गुळगुळीत फरशी लागली आहे. नुकतीच पुसलेली, ओली. तात्या अनवाणी पुढे निघतात.

"थांबा. ओलं आहे."

ते थांबत नाहीत. पण घसरतही नाहीत, आणि हे तिला सर्वांत असह्य होते.

"आता बरं चालता येतं," ती त्यांच्या पाठीवर ओरडते. "त्या तुमच्या नकाशात स्वतःचं पडणं धरलं होतंत का?"

तात्या वळतात. ते तिचा डावा हात ओढून घेतात आणि तिच्या तर्जनीवर, नळीच्या आट्यांवर गुंडाळावी तशी, टेप घट्ट गुंडाळू लागतात.

"उलटी आहे," ती म्हणते.

"असू दे."

तिला जाग येते ती किल्लीच्या आवाजाने. उपेंद्र बाहेर चपला काढतो आहे. तिच्या डाव्या तर्जनीवर पांढरी टेप आहे, पेरापर्यंत, घट्ट. ती उठून बसते आणि विचार करते. रीळ हातात होते. झोपेत हात चाळा करतात. टेप बोटावर कशी आली याचा उलगडा एवढ्याने होतो. ती रिळाची थोडी टेप तोडते आणि उजव्या हाताने त्याच बोटावर, आधीच्या थरावर गुंडाळून पाहते. वेढे सुलटे पडतात. सोडते, न बघता पुन्हा गुंडाळते. सुलटेच. खालचे वेढे मात्र उलटे आहेत. त्याचा उलगडा तिच्यापाशी नाही, आणि नाही म्हणून ती तो करीतही नाही.

कपाटाखालून पुढे आलेल्या कागदावर एक काळसर ठिपका उमटलेला आहे.

"काय गं, गळतंय का अजून?" उपेंद्र दारातून विचारतो. फोन त्याच्या हातातच आहे.

ती दिवाणावरून उतरते, टाकीपाशी जाऊन उभी राहते आणि त्या ठिपक्यावर पाऊल ठेवते.

"नाही," चारुलता म्हणते.

तो तिच्या चेहऱ्याकडे बघतो. ती खोटे बोलत नाही हे त्याला लग्नापासून माहीत आहे. तो फोन खिशात घालून चहा टाकायला आत जातो. तळपायाला कागदाची ओल लागते आहे. तो पुरता आत जाईपर्यंत ती तशीच उभी राहते, टेपचे बोट ओढणीत लपवून.