ताण दिलेली बाग

सौंसरजवळच्या आमच्या संत्राबागेत तेव्हा ताण सुरू होता. बहार चांगला यावा म्हणून हिवाळ्यात झाडांचं पाणी काही आठवडे तोडतात, त्याला आमच्याकडे ताण म्हणतात. आभाळ भरलेलं होतं आणि त्या सपाट उजेडात सगळी झाडं मला सारखीच मलूल दिसत होती. मी इन्फ्रारेड फिल्मवर बागेचे फोटो काढले. ही फिल्म डोळ्यांना न दिसणारा उजेड टिपते. टवटवीत पानं तिच्यावर पांढरी उमटतात, सुकलेली राखाडी.

पांढुर्ण्याच्या घरी न्हाणीघरात मी ती फिल्म धुतली. ढगाळ दिवसाचे राखाडी रंग एकमेकांत मिसळून जातात, म्हणून डेव्हलपरमध्ये नेहमीपेक्षा जास्त वेळ ठेवली. फोटो खरबरीत झाला तरी चालेल, फरक दिसला पाहिजे. तो दिसला. सगळी बाग राखाडी आणि विहिरीजवळचं एकच झाड कापसासारखं पांढरं.

बाग भाऊ पाहतो. प्रिंट पाहून तो भडकलाच. "मी थेंबभरही पाणी देऊन नाही राहिलो. तुह्या फिल्ममध्येच खोट आहे."

फिल्मवर आळ घेतलेला मला खपत नाही. मी तोंड उघडणार, तेवढ्यात आई म्हणाली, "मीच देऊन राहिली त्याले पाणी. रोज त्याच्या सावलीत बसायचं अन् त्यालेच तहानलेलं ठेवायचं का?"

"मग बहार नाही येणार त्याले," भाऊ म्हणाला.

"नाही आला तं नाही आला."

फेब्रुवारीत सगळी बाग फुलांनी पांढरी झाली. विहिरीजवळचं झाड तेवढं हिरवंगार राहिलं, आणि आई त्याच्याच खाली बसून बाकीच्या झाडांची फुलं पाहत होती.