सुभेदारांच्या प्लॉटची मोजणी

हसणार नाही असं आधी कबूल करा, मग सांगतो. नाही, तुमच्या तोंडावर आत्ताच हसू फुटतंय. असू दे! माझी फजितीच तशी आहे.

तर मी माझी बुलेट विकली होती. का? धंद्यासाठी! मोबाईलवर एका कोटवाल्याचे व्हिडिओ बघून मला साक्षात्कार झाला होता, की जमिनीचाही होलसेल धंदा असतो. जागा आपण विकत घ्यायचीच नाही. मालकाला विसार द्यायचा, मुदत लिहून घ्यायची आणि मुदतीच्या आत जास्त दराने दुसऱ्याला ती जागा द्यायची. मधला फरक आपल्या खिशात. नियम एकच, मालक आणि गिऱ्हाईक यांची गाठ पडू द्यायची नाही. पडली की मधल्याचा पत्ता कट!

कोरेगावला एका रिटायर्ड सुभेदारांचा प्लॉट मिळाला. बुलेटचे पैसे विसारात गेले. सुभेदारांना वाटलं, प्लॉट मीच घेतोय. मीही ते वाटू दिलं.

आणि त्यांची मुलगी अश्विनी... आता तुमच्यापासून काय लपवायचं? तो प्लॉट मी इतक्या वेळा मोजला, की टेपवरचे आकडे पुसत आले. प्रत्येक मोजणीला चहा तीच आणायची. ठरवलं, एवढा सौदा होऊ दे, कमावता झालो की सुभेदारांकडे शब्द टाकायचा. नाहीतर बिननोकरीच्या पोराला आमच्या भागात मुलगी देतंय कोण?

गिऱ्हाईक सांगलीत सापडलं. हळदीचे व्यापारी, तात्या. त्यांना गोडाऊनसाठी जागा हवी होती. पण बायकोने, म्हणजे काकूंनी, बघितल्याशिवाय तात्या साधी खुर्चीसुद्धा घेत नाहीत. गाडी चालवायला त्यांचा मुलगा. म्हणजे तिघंही येणार!

प्लॉट सुभेदारांच्या घराला लागूनच, गाठ काही टळणार नव्हती. मग मी शक्कल लढवली. तात्यांना फोनवर सांगितलं, "मालक फौजी हायत, लय तापट. जागेचं नाव काढलं की भडकत्यात. नुसतं घरादाराचं बोला."

सुभेदारांना सांगितलं, "सांगलीची मोठी माणसं येणार हायत, माझ्या वळखीची. संगं त्यांचा पोरगाबी हाय. त्यांच्याम्होरं प्लॉटचं कायबी काढू नका."

तुम्हीच सांगा, लग्नाची मुलगी असलेल्या घरात याचा अर्थ काय घेतील?

कराडला मी तात्यांच्या गाडीत बसलो. मुलाला कुठे मुलगी मिळत नाही म्हणून काकू रस्ताभर हळहळत होत्या. तेव्हासुद्धा माझ्या डोक्यात काही प्रकाश पडला नाही! कोरेगावला पोचलो तर अंगणात सडा, रांगोळी. आत पोह्यांचा वास. आणि अश्विनी चक्क साडीत! तेव्हा कुठे माझी ट्यूब पेटली!

"पोरगं काय करतं?" सुभेदारांनी विचारलं.

"आमच्याच पेढीवर बसतंय," तात्या इमानेइतबारे घरादाराचं बोलत होते.

"येसन?"

"सुपारीबी खात न्हाई."

काकूंनी अश्विनीला जवळ बसवून घेतलं. "किती शिकलीस गं?"

"बी. कॉम."

काकूंचा चेहरा असा काही उजळला म्हणता! मी तात्यांना डोळ्यांनी खुणावू लागलो. सुभेदार म्हणाले, "डोळ्यात काय गेलं का रं? जा, त्वांड धू."

बोलावं तर सौदा जातो, गप्प बसावं तर मुलगी जाते! करायचं काय माणसाने?

तेवढ्यात काकू म्हणाल्या, "आवं, पोरास्नी जरा एकटं बोलू द्या की."

आणि सुभेदारांनी दोघांना पाठवलं कुठे? प्लॉटवर फिरायला! तात्यांना पढवलं होतं मी, पण पोराला काही सांगायचं सुचलंच नव्हतं. खिडकीतून बघतो तर तो हात पसरून तिला काहीतरी दाखवतोय. अश्विनी ताडताड परत आली.

"आण्णा, ही माणसं मला न्हाई, प्लॉट बघाय आल्यात! तितं हळदीचं गोडाऊन बांधणार हायत म्हनं."

सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळल्या.

"म्हंजे प्लॉट तू घेणार न्हवतास?" सुभेदारांचा आवाज परेडवरचा.

"न्हाई."

"मग सारखा सारखा मोजत का व्हतास?"

अश्विनी म्हणाली, "सांगा की आता. टेप उलटी धरून मोजत व्हता, मला काय दिसत न्हवतं व्हय?"

माझ्या तोंडून निघून गेलं, "मोजणीला न्हाई, सुभेदारसाहेब. चहाला येत व्हतो."

आधी काकू हसल्या. मग तात्या. सुभेदार हसले नाहीत. त्यांनी माझा विसार परत केला आणि तात्यांशी दर ठरवला, माझ्यासमोर, मला न विचारता! झाला पत्ता कट. मी चपला घालत होतो, तेव्हा मागून म्हणाले, "आता येशील तवा आय-बाला घिऊन ये."

देवमाणूस हो! आमच्या लग्नात काकूच सगळ्यांत जास्त मिरवल्या.

आता प्लॉटचा धंदा झकास चाललाय. चालवते अश्विनी. मालक आणि गिऱ्हाईक दोघांना समोरासमोर बसवते, आपली दलाली उघड सांगते, आणि माणसं खुशीने देतात! मी टेप घेऊन तिच्या स्कूटीवर मागे बसतो. कुणाच्याही दारात उतरलो, की मला एकच सूचना असते.

"आत गेल्यावर तुमी कायबी बोलू नका."