म्हसोबाच्या शिवेवरची फरशी

“म्हसोबाच्या पलीकडे पाय टाकायचा नाही, समजलं?” मोटारीत बसता बसता इंजिनियरसाहेबांनी बजावलं.

मी तेव्हा शेवगावकडे रस्त्यांवर ओव्हरसियर होतो. ओढ्याच्या मधोमध खडकावर म्हसोबा. अलीकडे आपला नगर जिल्हा, पलीकडे निजामाचं राज्य. आमच्याकडे सगळे मोगलाईच म्हणत. ओढ्यावर फरशी घालायची होती, म्हणजे पूर वरून निघून जाईल असा बुटका दगडी रस्ता. मंजुरी मात्र म्हसोबापर्यंतच. पलीकडच्या सरकारकडून काही उत्तर नव्हतं.

अर्धी फरशी काय कामाची? धुणं धुवायला! पलीकडची जनावरं घोडेगावच्या बाजाराला यायची, परतणाऱ्या गाड्या आपला गूळ न्यायच्या. पावसाळ्यात गाळात चाकं रुतली की दोन्हीकडचा धंदा बसायचा.

पलीकडचे पाटील म्हसोबापाशी येऊन काम बघत. एकदा म्हणाले, “सायेब, आमची बाजू आमी करतो. दगुड हाय, मानसं हायेत. पन तुमच्याशी जुळंल कसं?”

त्यांनी नेमकं दुखणं धरलं होतं. मध्ये वीतभर पायरी राहिली, तर भरल्या गाडीचा कणाच मोडायचा.

मी आपल्या काठावर लेव्हल लावली. लेव्हल म्हणजे तिपाईवरची दुर्बीण. समोर उभ्या धरलेल्या पट्टीवरचे आकडे त्यातून वाचले, की जागेची उंची कळते. पट्टी पाटलांकडे दिली.

“मी हात वर केला की भर घाला, खाली केला की काढा.”

“आन तुमी न्हाई येनार?”

“हुकूम पायाचा आहे पाटील, डोळ्याचा नाही.”

पाटील असे हसले की पट्टी हलली. मला आकडा पुन्हा वाचावा लागला.

पावसाआधी साहेब पाहणीला आले. फरशी थेट पलीकडच्या काठाला भिडलेली बघून त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या.

“तुम्ही हद्द ओलांडलीत?”

“नाही साहेब.”

“च्या प्यायला बोलावलं तरी आलं न्हाईत,” पाटील पलीकडून ओरडले.

“मग सांधा कुठे आहे?”

साहेब वाकून सांधा शोधत पुढे निघाले. तो काही सापडेना.

“सायेब,” पाटील म्हणाले, “म्हसोबा मागं ऱ्हायला तुमचा.”

साहेबांनी मान वर केली. ते मोगलाईत उभे होते. मग स्वतःच खो खो हसत सुटले. माझी छाती अशी फुगली, की कोटाचं बटण तुटायचंच बाकी होतं.

त्या पावसाळ्यात घोडेगावचा बाजार पलीकडच्या बैलांनी भरला, आणि गुळाच्या गाड्या न रुतता पार गेल्या. पुढे मोगलाई गेली, हद्दही गेली. फरशी राहिली. हद्दीपाशी थांबणाऱ्या रस्त्याला मी आजही रस्ता म्हणत नाही.