जाण्याची तारीख

माझ्या वडिलांबद्दल, म्हणजे लवू सखाराम घाडी यांच्याबद्दल, लिहायला बसलो तर चांगलंच लिहावं लागेल, कारण वाईट लिहावं असं त्यांनी काही केलेलंच नाही. वाईट मी केलं. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे मध्येच कोणाला माझ्याबद्दल बरं वाटायला नको.

बाबा गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर, होते. लालबागला आमच्या गावच्या मंडळाची एक खोली होती, दहा बाय बाराची. कणकवलीकडच्या आमच्या गावातून मुंबईला आलेला बापयामाणूस त्याच खोलीत उतरायचा. कोणी नोकरी शोधायला, कोणी इस्पितळासाठी, कोणी कोर्टाच्या तारखेला. बाबा त्या खोलीचे कारभारी. त्यांच्याकडे लाल पुठ्ठ्याची एक वही असायची. नाव, येण्याची तारीख, जाण्याची तारीख. जाण्याची तारीख आली की माणसाने वळकटी बांधायची, कारण झोपायच्या तेवढ्या जागेसाठी दुसरा कोणीतरी गावाहून निघालेला असायचा. माझा सख्खा काका एकदा म्हणाला, उद्या विसर्जन बघतो आणि परवा जातो. बाबांनी वही उघडून त्याच्यासमोर धरली. काका तणतणत त्याच दिवशी गेला. ही गोष्ट आमच्याकडे लग्नाकार्यात इतक्या वेळा सांगितली गेलीय की काकासुद्धा हसतो. मीही खूप हसलोय.

गिरणी गेली, बाबांनी भांडुपला एका कारखान्यात वॉचमनची नोकरी धरली, तिथेच खोली घेतली. आई गेल्यावर ती खोली विकून त्यांनी पैसे माझ्या हातात दिले आणि आम्ही मरोळला दोन बेडरूमचा फ्लॅट घेतला. आतली, स्वतंत्र बाथरूम असलेली खोली बाबांची. खिडकीत त्यांची बामची बाटली, चष्मा आणि देवाचा एक छोटा फोटो. बारा वर्षं ते तिथे राहिले.

मग माझी नोकरी गेली. कुरियर कंपनीने आमची अख्खी शाखा बंद केली. सहा महिने मी घरी बसलो तेव्हा श्वेताने, माझ्या बायकोने, विषय काढला. विमानतळ इथून पंधरा मिनिटांवर, पहाटेच्या विमानाची माणसं राहायला घरगुती जागा शोधतात, आणि घरातली खोली पाहुण्यांना द्यायची सरकारी नोंदणी असते. सोसायटीचं ना हरकत पत्र, पोलिसांचा दाखला, चादरीपासून आग विझवायच्या नळकांड्यापर्यंत सगळं. मी धावपळ केली. फॉर्मवर एक ओळ होती: सदर खोली घरातील कोणीही व्यक्ती वापरत नाही. मी खाली सही ठोकली.

बाबांना विचारलं तेव्हा ते म्हणाले, "होऊंदे रे. माका दिवाण पुरे."

पाहुणे असले की बाबा हॉलमधल्या दिवाणावर, खोली रिकामी असली की परत आत. खरं सांगायचं तर धंदा त्यांनीच चालवला. चादरीचे कोपरे गिरणीतल्या शिस्तीने दुमडायचे. गुजराती असो की बंगाली, प्रत्येकाला "जेवलास काय?" विचारायचे, आणि त्या माणसाला कळायचंही. पाहुणे दुपारी झोपले की आपल्या खोकल्याचा त्रास नको म्हणून खाली बागेत जाऊन बसायचे, मे महिन्यातसुद्धा. मी त्यांना जा म्हणालो नव्हतो. पण नका जाऊ असंही कधी म्हणालो नाही.

दोन वर्षांनी नोंदणीचं नूतनीकरण आलं, आणि आमच्या सेक्रेटरीने तक्रार केली. लिफ्टमध्ये रोज अनोळखी माणसं आणि बॅगा बघून तो वैतागला होता. त्याने लिहिलं की घाडींकडे पाहुण्यांची खोली नाहीच, तिथे त्यांचे वडील राहतात, हा सरळसरळ नियमभंग आहे. खरंच लिहिलं होतं, म्हणून मला जास्त राग आला. तपासणी गुरुवारी ठरली. नोंदणी गेली असती तर आमचं पोट जिच्यावर चाललं होतं ती खोलीच बंद. म्हणून मी बेत केला की गुरुवारी बाबांनी दिवसभर भांडुपला मार्तंडकाकांकडे जायचं, त्यांच्या गिरणीतल्या दोस्ताकडे. बामची बाटली आणि फोटो मी बुधवारी सकाळीच, घाईत चष्म्यासकट, उचलून कपाटात टाकले होते.

बुधवारी अकरा वाजता बेल वाजली. दारात एक बाई, हातात फाईल. चपला बाहेर काढत म्हणाल्या, "मी अक्षता. तपासणीला आलेय. उद्या माझी मीटिंग आहे, म्हणून आजच उरकते. चालेल ना?"

श्वेता ऑफिसला गेली होती. मी चालेल म्हटलं, दुसरं काय म्हणणार. मॅडम सरळ आतल्या खोलीत गेल्या. तिथे बाबा आंघोळ करून, बनियन घालून पलंगावर पेपरातले मोठे मथळे बघत बसलेले.

"हे कोण?" त्यांनी विचारलं. आवाजात काही नव्हतं, साधा प्रश्न होता.

माझ्या तोंडातून निघून गेलं, "गाववाले आहेत."

"नातेवाईक?"

"नाही, नाही. नुसते गावचे. दोन-तीन दिवस राहायला आलेत."

आमच्याकडे हा शब्द फार सोयीचा. गाववाला म्हणजे कोणीही असू शकतो, म्हणून मला तो सुचला. सुचला एवढंच नाही, त्या क्षणी मला स्वतःच्या हुशारीचं कौतुकही वाटलं.

बाबांनी पेपर खाली ठेवला. माझ्याकडे बघितलं, फार वेळ नाही, मग मॅडमकडे बघून हात जोडले. "होय गो बाय. मी गावसून इलंय."

"मग रजिस्टरमध्ये नोंद दिसली पाहिजे," मॅडम म्हणाल्या.

मी गडबडलो, म्हणालो आत्ताच आलेत, करायचीच होती. रजिस्टर आणलं. बाबांनी बनियनवर शर्ट चढवला, बटणं लावली, चष्मा मागितला. चष्मा खिडकीत नव्हता, मीच तो कपाटात टाकला होता. कपाट मॅडमसमोर उघडलं असतं तर फोटोसकट सगळंच बाहेर आलं असतं, म्हणून मी त्यांना माझा चष्मा दिला. तो लावून, डोळे बारीक करून बाबांनी एकेक रकाना भरला. नाव. आडनाव बघून मॅडमनी मान वर केली, तेव्हा मी म्हटलं, आमचं अर्धं गाव घाडीच. कायमचा पत्ता: गावचा. यजमानांशी नातं: गाववालो. येण्याची तारीख: त्या दिवशीची. जाण्याच्या तारखेपाशी पेन थांबलं.

"किती दिवस आहात आजोबा?" मॅडमनी विचारलं.

"शनिवारी जातंय," बाबा म्हणाले, आणि तारीख घातली.

मॅडमनी बाथरूम बघितलं, नळकांडं बघितलं, जाताना बाबांना विचारलं, "सोय बरी आहे ना?" बाबा म्हणाले, "झकास. माणसा चांगली आसत." त्या हसल्या. तक्रारीत काही तथ्य नाही असं लिहिते, म्हणाल्या.

दार लावलं आणि मी पण हसलो. "वाचलो यार बाबा, काय ॲक्टिंग केलीत!" असं म्हणून मी चहा टाकला. मी खोटं बोललो त्याची लाज वाटतेच. पण त्या हसण्याची जितकी वाटते तितकी कशाचीच वाटत नाही. बाबांनी चहा घेतला, कप धुऊन ठेवला. मला वाटलं, विषय संपला.

शनिवारी सकाळी उठून बघतो तर पलंगावरची चादर काढून घडी घातलेली, बाबा टोपी घालून बॅग घेऊन हॉलमध्ये उभे. देवाचा फोटो कपाटातून काढून त्यांनी बॅगेच्या वरच्या कप्प्यात ठेवला होता.

"कुठे निघालात?"

"गावाक."

"अचानक? का?"

"अचानक खंय? तारीख लिवलेली आसा."

मला आधी कळलंच नाही. मग कळलं. मी म्हटलं, "बाबा, ते खोटं होतं. त्या बाईंसाठी होतं. तुम्हाला माहितीय ना?"

"नाव माझा, सही माझी. मी खोटा लिवूक नाय."

श्वेता आतून धावत आली. काय झालं ते तिला तेव्हा कळलं, कारण मी तिला मॅडम पास करून गेल्या एवढंच सांगितलं होतं. तिने माझ्याकडे असं बघितलं की मी मान खाली घातली. तिने बाबांचे पाय धरले, बॅग ओढून घेतली. त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला, बॅग हळूच सोडवून घेतली. त्यांच्या चेहऱ्यावर राग शोधत होतो मी. राग असता तर मी पण चढ्या आवाजात बोललो असतो, आणि सगळं सोपं झालं असतं. मी रिक्षापर्यंत बॅग घेऊन गेलो. रिक्षावाल्याने विचारलं, "पाहुणे निघाले का?" मी हो म्हटलं. तिथेही मला वडील म्हणता आलं नाही.

नोंदणी तीन आठवड्यांनी आली. ती भिंतीवर लावायचा नियम आहे, म्हणून लावलीय. रजिस्टरच्या पानांवर छापील नंबर आहेत, एकही फाडता येत नाही. नवीन पाहुण्याची नोंद करताना मी मागचं पान उघडत नाही.

गावी ते काकाच्या पडवीत झोपतात. काका फोनवर मला शिव्या घालतो, आणि बरोबर घालतो. परवा मी बाबांशी बोललो. म्हटलं, "चुकलं माझं. परत या."

पलीकडून त्यांनी विचारलं, "खोली रिकामी आसा काय?"

त्यात टोमणा नव्हता. लालबागच्या खोलीवर येण्याआधी गावचा माणूस पत्र टाकून विचारायचा, तसं ते विचारत होते. आतल्या खोलीत नागपूरचं एक जोडपं बॅगा उघडत होतं. दिवाण आहे ना, असं माझ्या ओठांवर आलं होतं, ते मी गिळलं.

"नाही बाबा," मी म्हटलं.

"मग झाली की कळव," ते म्हणाले.