अँटेना बसवणारा

त्याचं नाव इथे लिहिण्याचा हक्क मी गमावला आहे. धसईच्या आसपासच्या गावांत तो टीव्हीचे अँटेना बसवायचा. कौलांवर उभा राहून खांब फिरवताना खाली ओरडायचा, "मुंग्या गेल्या का गो?" घरातली बाई स्वतः "गेल्या" म्हणेपर्यंत तो उतरत नसे.

बाजारात माझं टीव्हीचं दुकान होतं. डिशच्या छत्र्या आल्या तेव्हा मी गिऱ्हाइकांना सांगू लागलो, की पावसाळ्यानंतर सरकार अँटेनावरचं सगळंच बंद करणार आहे. हे मी माझ्या मनाने ठोकून दिलं होतं. छत्र्या खपल्या आणि त्याला कोणी बोलावेना.

एक दिवस तो दुकानात आला. "शेठ, बंद होनार, असा कोनी सांगितला तुमाला?"

"वरून आलंय," मी म्हणालो.

"बरा. पावसाला संपला का येतो मंग."

दिवाळीआधीच्या बाजाराला तो खरंच आला, हातगाडीवर खांब, अँटेना आणि स्वतःचा टीव्ही घेऊन. शेजारच्या चहावाल्याकडून लाइट घेऊन त्याने माझ्या दुकानासमोरच सगळं जोडलं. खांब थोडा फिरवताच बातम्या स्वच्छ दिसू लागल्या. माणसं जमली.

"शेठ, चालू हाय का बंद, तुमीच सांगा यांना."

मी खाली मान घालून एका गिऱ्हाइकाला छत्रीचा खोका उघडून दाखवत राहिलो. बाजार उठेपर्यंत तो खांबापाशी उभा होता. मी शटर ओढलं, तरी त्याला उत्तर दिलं नाही.

आज देतो. चालू होतं.