गरम मशीन आणि वाकडी नांगरट

आमच्या दोन भावांत सामाईक मालमत्ता दोनच : विहीर आणि व्हिडिओ गेमचं मशीन.

खरं तर मशीन मी लेकीला, स्वराला, एकटाच घेऊन देणार होतो. पण बारामतीच्या दुकानात जावं तर दर वेळी भाव वर!

"आतल्या चिपा महागल्यात हो," दुकानदार म्हणाला.

"आमचा कांदा असा कधी चढायचा?"

त्यानं माझ्याकडं नुसतं दयेनं पाहिलं.

शेवटी थोरले बंधू तात्या म्हणाले, "निम्मं-निम्मं घालू. विहिरीसारखी बारी लावू!" मशीन एक दिवस त्यांच्या घरी, एक दिवस आमच्या, रविवार मात्र स्वराचा. जो दुसऱ्याची बारी चोरेल, त्याच्या घराचा पुढचा दिवस बंद. (कलम माझंच. सही एवढ्या झोकात केली की कागद फाटला!)

एका शनिवारी, ऐन स्वतःच्या बारीला, तात्या बावड्याला लग्नाला गेले. म्हशीला वैरण टाकायची म्हणून त्यांच्या घराची किल्ली माझ्याकडं. मशीन समोर. आत ट्रॅक्टरचा गेम! चालू होतंय का एवढंच बघायला बसलो, आणि चाळीस एकर नांगरून उठलो. (म्हैस उपाशीच!)

बाहेर जीप वाजली. टीव्ही बंद केला, वायरीत पाय अडकून आपटलो आणि वैरणीची पेंढी छातीशी धरून उभा राहिलो.

तात्या आले ते थेट मशीनकडं. विहिरीवरच्या मोटरीवर ठेवतात तसा त्यावर तळहात ठेवला.

"गरम हाय! बारी कुणी मारली?"

"ऊन लई हाय, तात्या."

"घरात?"

तेवढ्यात स्वरा आली. तात्यांची नजर तिच्यावर. उद्या अंथुर्ण्याची मामेबहीण मशीनवरच्या सामन्याला येणार म्हणून पोरगी आठवडाभर दिवस मोजत होती.

"मी न्हाय, तात्या! शप्पथ!" तिचे डोळे भरले.

बोललो तर तिचा रविवार जातो. न बोललो तर रविवारही जातो आणि वर तीच चोर! तोंड उघडणार, तोच तात्यांनी टीव्ही लावला. पडद्यावर माझी चाळीस एकर : सापासारखी वाकडी नांगरट, आणि शेवटी ओढ्यात उलटा ट्रॅक्टर!

तात्या माझ्याकडं बघत हसून खालीच बसले. "बाळ्या, नांगराचं असं वाकडं तास अख्ख्या कऱ्हाटी गावात एकच माणूस घालतो!"

"आन् माझा रविवार?" स्वरानं नाक पुसत विचारलं.

"तुझा तुलाच. दंड तुझ्या बापाला."

तेव्हापासून आमची सामाईक मालमत्ता तीन झाली : विहीर, मशीन आणि दोन्ही घरच्या म्हशींना वैरण टाकणारा मी. मला बारी नाही, मी रोज!