दुकानाचाच वास

माझ्या थोरल्या बहिणीचं ड्रायक्लीनिंगचं दुकान आहे आणि तिचा कुणावरही विश्वास नाही. आलेल्या कपड्यांचे खिसे उलटे करणं हे धंद्याचं कामच, पण ताई कॉलेजच्या पोरापोरींचे शर्ट नाकाशीही धरायची. "हा ओढतो," "ही पिऊन नाचून आलीय," असे निकाल काउंटरवरच लागायचे. एका बाईंना तिनं तोंडावर सांगितलं, "मुलाकडे लक्ष द्या." त्या बाई पुन्हा फिरकल्या नाहीत. त्यांचा कोट अजून हँगरला लटकतोय.

या संशयामागे भीती होती ती घरची. भावजी गेल्यापासून ताईला जगात एकच माणूस उरलं होतं, दहावीतली लेक, आमची चिमणी. पोरगी हातची जाईल या धास्तीनं ताईची झोप उडाली होती. म्हणून शाळा सुटली की चिमणीनं दुकानात यायचं आणि मागच्या खोलीत डाग काढायला बसायचं. बाहेर उंडारण्यापेक्षा नजरेखाली बरी, असा ताईचा हिशेब.

यंदा चिमणी बदलली. उगाच हसत सुटायची, मध्येच तोंड फुगवून बसायची. पैज लावून गच्चीच्या कठड्यावरून चालली. कुणाच्या तरी मोटरसायकलवर मागे उभी राहून, हात सोडून गेली, तेही भर रस्त्यात. ताईनं डोळ्यांत तेल घालून पाळत सुरू केली. दप्तर तपासलं, मोबाइल तपासला, रोज घरी आल्यावर तिचे कपडे हुंगले. सिगारेट नाही, दारू नाही.

"दुकानाचाच वास येतो गं नुसता," ती मला म्हणाली आणि निर्धास्त झाली. तो वास तिच्या पदराला होता, उशीला होता, माझ्या स्वेटरलाही होता. त्याचं आम्हाला काय वाटणार?

मग डाग काढायच्या केमिकलचे डबे भराभर संपू लागले. ताईची नजर वळली ती इस्त्रीवाल्या मामांकडे.

"मामा, डबे जातात कुठे?"

"मला काय विचारता, बाई? मला त्या वासानं गरगरतं. मी त्या खोलीत पाऊलसुद्धा टाकत नाही."

"मग काय भुतं येऊन पितात?"

मामांनी इस्त्री बंद केली, चपला घातल्या आणि निघून गेले. चोर सोडून संन्याशाला सुळी, दुसरं काय.

त्याच आठवड्यात चिमणीनं मैत्रिणींसमोर एका गच्चीवरून शेजारच्या गच्चीवर उडी मारली. मधल्या पत्र्यानं अडवलं म्हणून जीव वाचला. पाय मात्र मोडला.

हॉस्पिटलमध्ये डॉक्टरांनी तिच्या मुठीतला रुमाल ताईपुढे धरला. "याला केमिकल आहे. मुलं हे हुंगतात, मग त्यांना कशाची भीतीच वाटेनाशी होते."

"काहीतरीच," ताई उसळली. "आमचं दुकान आहे. आमच्या सगळ्यांच्याच कपड्यांना हा वास येतो. मी रोज बघते तिचे कपडे."

चिमणी जागी होती. तिनं मान वळवली.

"रोज हुंगायचीस आणि काहीच न बोलता घडी घालून ठेवायचीस," ती म्हणाली. "मला वाटलं, तुला सगळं कळलंय आणि तू माझा नाद सोडलायस."